तरुणांना दोष देण्याआधी फोनची बॅटरी बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तरुणांच्या गॅझेटवेडामुळे समाज बिघडतो आहे काय, यावर आपल्या वाचकपत्रांत सध्या बराच वाद चालला आहे. एक बाजू पिढी वाया गेली म्हणते, दुसरी काळ बदलला म्हणते. फोन मुळात का बिघडतो आणि बिघडल्यावर कुठे जातो, याबद्दल मात्र कोणीच बोलत नाही. आम्ही नागपूरच्या बर्डीत (सीताबर्डीत) मोबाईल आणि लॅपटॉप दुरुस्त करणारे कारागीर आहोत. आमचे म्हणणे थोडे उलटे आहे. समाजाचे नुकसान होते आहे हे खरे, पण पोरांना यंत्राचे वेड जास्त आहे म्हणून नव्हे. ज्याला यंत्राचे खरे वेड असते तो चार स्क्रू काढून आत बघतो. इथे वेड आहे ते नव्या खोक्याचे, आणि ते लावण्यात घरातल्या मोठ्यांचा हात पोरांपेक्षा कमी नाही. दोन वर्षांत फोन ‘जुना’ ठरतो, कपाटात जातो, तिथून भंगारात. त्या फोनमध्ये बहुतेक वेळा एकच वस्तू संपलेली असते, ती म्हणजे बॅटरी.

‘फोन जुना झाला’ या वाक्यामागे बहुधा चारपैकी एखादी तक्रार असते. चार्ज टिकत नाही, चार्जच होत नाही, फोन अडकत चालतो किंवा काच फुटली आहे. मदरबोर्ड खरोखर डेड होणे त्यामानाने कमी. काच सोडली तर बाकी तिन्ही तक्रारी फोनच्या किमतीच्या अगदी लहान हिश्श्यात सुटतात, कधी फुकटातही.

बॅटरीपासून सुरुवात करू, कारण नागपुरात तिचे हाल सर्वात जास्त. लिथियम-आयन सेल चार्ज करण्याची वरची मर्यादा साधारण 45 अंश तापमानाची असते. कंपन्या फोन वापरण्यासाठी भोवतालचे तापमान सहसा 35 अंशांपर्यंतच योग्य मानतात. आपल्याकडे 23 मे 2013 रोजी पारा 47.9 अंशांवर गेला होता आणि 43-44 तर दर मे महिन्यात असतेच. मे 2024 च्या शेवटी शहरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने 56 अंश दाखवले आणि देशभर बातमी झाली. तो सेन्सरचा बिघाड होता, असा खुलासा मग हवामान खात्याने केला. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, इलेक्ट्रॉनिक वस्तूंचे काय होते हे आणखी वेगळे सांगायला नको. टिनाच्या किंवा उघड्या स्लॅबच्या घरात रात्री दहालाही खोली 38-40 वर असते. जलद चार्जिंगमध्ये फोन स्वतःही खोलीपेक्षा आठ-दहा अंश वर जातो. म्हणजे सेल पन्नाशीला. त्यात गेम चालू असेल आणि फोन गादीवर पडलेला असेल, तर बघायलाच नको.

उष्णतेने सेलमधली रासायनिक झीज वाढते. ढोबळ मानाने दर दहा अंशांना तिचा वेग दुप्पट होतो. त्याचबरोबर सेल पूर्ण भरलेला असेल, म्हणजे आतले व्होल्टेज 4.4 च्या आसपास असेल, तर इलेक्ट्रोलाइट विघटित होऊन वायू सुटतो. सेलचे पाउच (पाकीट) बंद असल्याने तो बाहेर जात नाही आणि बॅटरी फुगते. म्हणून उन्हाळ्यात दोन गोष्टी एकत्र होऊ देऊ नयेत, 100 टक्के चार्ज आणि उष्णता. बहुतेक नव्या फोनच्या बॅटरी सेटिंगमध्ये 80 टक्क्यांवर चार्ज थांबवण्याची सोय आहे. एप्रिल ते जून ती चालू ठेवावी. चार्जिंगची वेळ बदलावी. पहाटे पाच ते सात ही नागपुरातली सर्वात थंड वेळ, तेव्हा फोन लावावा. घाई नसेल तर 67 वॅटचा चार्जर बाजूला ठेवून जुना 10 वॅटचा वापरावा. प्रवाह कमी, उष्णताही कमी. पाठीमागचे जाड कव्हर चार्जिंगपुरते काढावे. फोन फरशीवर किंवा लाकडी टेबलावर ठेवावा, गादीवर किंवा उशीखाली कधीच नको.

मे महिन्यात दुपारी ‘फोन चार्ज घेत नाही’ ही तक्रार घेऊन माणसे येतात. पुष्कळदा तो बिघाड नसतोच. बॅटरीतला छोटा थर्मिस्टर तापमान मोजतो आणि मर्यादा ओलांडली की फोन स्वतःच चार्जिंग थांबवतो. फोन बंद करून कूलरच्या हवेत अर्धा तास ठेवला की काम भागते. फ्रीजमध्ये मात्र ठेवू नये. थंड फोन बाहेर काढल्यावर दमट हवेतले पाणी आत बोर्डवर साचते आणि फुकटची तक्रार हजारांची होते. आमच्याच धंद्यातले काही जण अशा गिऱ्हाइकाला ‘चार्जिंग आयसी (चार्जिंगची चिप) गेला’ सांगून पैसे काढतात, हेही इथे लिहून ठेवतो.

बॅटरी बदलायची कधी? शून्य ते शंभर असा पूर्ण भरणा म्हणजे एक सायकल. आज पन्नास टक्के आणि उद्या पन्नास भरले तरी मिळून एकच. साधारण 500 ते 1000 सायकलनंतर मूळ क्षमतेच्या 80 टक्क्यांच्या आसपास उरते. सेटिंगमध्ये बॅटरी हेल्थ 80 च्या खाली दिसत असेल, 25-30 टक्के असतानाच फोन अचानक बंद होत असेल, किंवा थंडीच्या सकाळी कॅमेरा उघडताच बंद पडत असेल, तर बॅटरीचा अंतर्गत रोध वाढला आहे असे समजावे. फोन वाईट नाही. बॅटरी बदलली की आणखी दोन-तीन वर्षे निघतात. साध्या अँड्रॉइड फोनला हा खर्च हजार-दोन हजारांच्या घरात बसतो.

काम कसे व्हायला हवे, तेही गिऱ्हाइकाला ठाऊक असावे. उघडण्याआधी फोन 25 टक्क्यांखाली उतरवतात, कारण भरलेल्या सेलला चुकून भोक पडले तर आग मोठी लागते. पाठ हीटिंग मॅटवर 60 ते 80 अंशांना काही मिनिटे ठेवून गोंद मऊ करतात आणि प्लास्टिकच्या पिकने कड सोडवतात. आत गेल्यावर पहिले काम बॅटरीचा कनेक्टर काढण्याचे. तो न काढता डिस्प्लेची किंवा कॅमेऱ्याची स्ट्रिप ओढली तर बॅकलाइटची लाइन शॉर्ट होते आणि बॅटरीसाठी आलेला फोन बोर्डाच्या कामाला लागतो. बॅटरी चिकटलेली असेल तर खाली आयसोप्रोपिल अल्कोहोलचे काही थेंब सोडून दोन मिनिटे थांबतात. स्क्रूड्रायव्हरने उपटणारा कारागीर दिसला तर फोन परत मागावा. नवी बॅटरी बसवण्याआधी मल्टिमीटरवर 3.7 ते 3.9 व्होल्ट दिसायला हवे. 3 व्होल्टच्या खाली गेलेला सेल वर्षानुवर्षे गोदामात पडलेला असतो, तो घेऊ नये. बॅटरीवर आयएस 16046 हा मानक क्रमांक आणि ‘आर’ने सुरू होणारा आठ आकडी नोंदणी क्रमांक असतो. भारतीय मानक ब्यूरोच्या बीआयएस केअर ॲपमध्ये तो टाकला की कोणत्या उत्पादकाचा आहे ते कळते. शेवटी पाठीला नवा गोंद किंवा सील लागलेच पाहिजे. नाहीतर जुलैचा पहिला पाऊस आत शिरतो.

फुगलेल्या बॅटरीबद्दल घराघरात कळायला हवे. टेबलावर ठेवलेला फोन डुगडुगतो, पाठ किंवा स्क्रीन एका कडेने उचलते, स्क्रीनच्या मध्यावर फिकट डाग दिसतो, ही लक्षणे. असा फोन चार्जला लावू नये, दाबून बसवू नये, टाचणीने हवा काढायला तर मुळीच जाऊ नये. बंद करून स्टीलच्या ताटात किंवा कोरड्या रेतीत, पडदे-कागदांपासून दूर ठेवावा आणि त्याच दिवशी दुकानात न्यावा. पेट घेतलाच तर आधी मेन स्विच बंद करून चार्जरचा प्रवाह तोडावा आणि लांबून भरपूर पाणी ओतावे. लिथियमवर पाणी चालत नाही असा समज आहे, पण या सेलमध्ये सुटा लिथियम धातू नसतो. सेल थंड करणे हेच काम आणि ते पाण्यानेच होते. त्या धुरात हायड्रोजन फ्लोराइड असतो, त्यामुळे खोली उघडी टाकून बाहेर पडावे.

आता ‘गॅझेटवेड्या’ तरुणांतला एक मोठा वर्ग, ज्याचा आपल्या सदरात उल्लेखच नाही. वेस्ट हायकोर्ट रोडवर दुपारी दोनला जेवणाचे डबे पोहोचवणारी पोरे. त्यांना फोन म्हणजे रोजगार. हँडलच्या होल्डरमध्ये फोन, वरून ऊन, स्क्रीन पूर्ण उजेडावर, जीपीएस चालू, गाडीच्या सॉकेटवरून चार्जिंगही चालू. बॅटरीला याहून वाईट वागणूक देता येणार नाही. त्यातच इंजिनाच्या थरथरीने कॅमेरा जातो. नव्या कॅमेऱ्यांत लेन्स बारीक स्प्रिंगांवर आणि चुंबकांवर तरंगती असते, हात हलला तरी फोटो स्थिर यावा म्हणून. सतत कंप बसला की स्प्रिंग सैल पडते, फोटो हलतात, कॅमेरा उघडताच खरखर ऐकू येते. ॲपलने सप्टेंबर 2021 मध्ये ताकदीच्या इंजिनाच्या मोटरसायकलींवर फोन थेट बांधू नका, अशी जाहीर सूचना काढली होती. मोपेड आणि स्कूटरलाही कंप शोषणारा होल्डर लावा, असे त्यात होते. उपाय सोपा आहे. रबरी डॅम्परचा होल्डर, वर सावलीपुरते एक टोपण, आवाजावर चालणारा नकाशा आणि स्क्रीन बंद. चार्जिंग गाडीवर न करता हॉटेलच्या काउंटरवर पार्सलची वाट बघताना करावे.

चार्जिंगची दुसरी तक्रार म्हणजे केबल सैल बसते, हलवली की सुटते. दुकानदार ‘सीसी बोर्ड (चार्जिंग पोर्टचा छोटा बोर्ड) बदलावा लागेल’ सांगतो. आधी टॉर्च लावून पोर्टमध्ये बघा. टाइप-सीच्या तळाशी पँटच्या खिशातली लिंट (कापडाचे तंतू) आणि आपल्या रस्त्यांची धूळ दाबून नमद्यासारखी बसलेली असते. केबल पूर्ण आत जात नाही, एवढेच. फोन बंद करून लाकडी टूथपिकने कडेकडेने ती काढावी. मधल्या जिभेला धक्का लावू नये, तिच्यावर दोन्ही बाजूंनी मिळून 24 पिना असतात. सुई वापरणारे दोन पिना एकमेकींना चिकटवून ठेवतात. चार्जिंग चालू असतानाच टच वेडावाकडा चालत असेल आणि केबल काढताच सुधारत असेल, तर दोष स्क्रीनचा नसून चार्जरचा आहे. स्वस्त चार्जरमध्ये आतला फिल्टर अपुरा असतो, त्याचा नॉइज टचला बिघडवतो. धातूच्या कडेला हात लावताच झिणझिण्या येत असतील तर असा चार्जर तपासून घ्यावा, तोवर वापरू नये. चार्जरवर बीआयएसचा मानक क्रमांक आणि ‘आर’ क्रमांक नसेल तर तो फुकट मिळाला तरी महाग.

पाण्याबद्दलचा गैरसमज 23 सप्टेंबर 2023 ला शहराने मोजून भोगला. अंबाझरी तलाव ओसंडून नागनदीचे पाणी घराघरात शिरले, तेव्हा असंख्य फोन आणि लॅपटॉप चिखलात गेले. त्यातले बरेच पाण्याने गेलेच नाहीत. ते गेले ‘चालू होतो का बघू’ या घाईने. बोर्डवर पाणी असताना वीज वाहिली की तांबे विरघळू लागते आणि पिना हिरव्या पडतात. वीज नसेल तर पाणी पुष्कळ सोसले जाते. म्हणून भिजलेला फोन ताबडतोब बंद करावा, चार्जला लावू नये, सिमचा ट्रे काढावा, पोर्ट खाली करून हलके झटकावे आणि शक्य तितक्या लवकर उघडून द्यावा. पुराचे पाणी असेल तर वाळवून भागत नाही. आतला गाळ आयसोप्रोपिल अल्कोहोलने मऊ ब्रश मारून धुवावाच लागतो. तांदळाच्या डब्यात ठेवणे निव्वळ वेळकाढूपणा. तांदूळ आतले पाणी ओढत नाही, उलट त्याचा पिठूळ चुरा पोर्टमध्ये जातो. आयपी 68 (धूळ-पाणी रोखण्याचा दर्जा) लिहिलेल्या फोनवाल्यांनीही निर्धास्त राहू नये. ती चाचणी प्रयोगशाळेतल्या स्वच्छ पाण्यात, नव्या सीलवर होते.

फोन अडकण्याची तक्रार मजेची आहे. ज्यांच्यावर आरोप आहे त्या पोरांपेक्षा आरोप करणाऱ्यांचे फोन जास्त अडकतात. सुप्रभातची फुले, नातेवाइकांच्या लग्नाचे व्हिडिओ आणि चाळीस गटांतले तेच तेच संदेश, यांनी स्टोरेज काठोकाठ भरलेले असते. फोनमधल्या मेमरीवर जुन्याच्या जागी थेट नवे लिहिता येत नाही. आधी आख्खा कप्पा पुसावा लागतो आणि त्यासाठी मोकळी जागा लागते. ती नसली की प्रत्येक काम रांगेत उभे राहते. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये स्टोरेज अँड डेटा, त्यात मॅनेज स्टोरेज उघडले की पाच एमबीपेक्षा मोठ्या फाइली आणि पुन्हा पुन्हा फॉरवर्ड झालेल्या फाइली वेगळ्या दिसतात. त्या उडवाव्यात, मीडियाचे आपोआप डाउनलोड बंद करावे आणि 15-20 टक्के जागा कायम मोकळी ठेवावी. इतके करून बघितल्यावर ‘नवा फोन लागेल’ असे म्हणावे.

लॅपटॉपचेही तसेच. जुन्या लॅपटॉपमध्ये फिरती हार्ड डिस्क असेल तर तिच्या जागी अडीच इंची एसएसडी (फिरता भाग नसलेली, चिपवर साठवणारी डिस्क) बसते. दोन-चार स्क्रूंचे काम, आणि चालू व्हायला दोन मिनिटे घेणारे यंत्र वीस-पंचवीस सेकंदांवर येते. पंखा वर्षातून एकदा, होळीच्या आधी, उघडून साफ करावा. धुळीचा थर हीटसिंकच्या पात्यांवर बसला की प्रोसेसर तापून स्वतःचा वेग उतरवतो. विंडोज 10 चा आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला आणि विंडोज 11 ला टीपीएम 2.0 (सुरक्षेची चिप) लागते, इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. म्हणून चांगले चालणारे लॅपटॉप भंगारात निघत आहेत. हिंगणा रोडवरच्या इंजिनिअरिंगच्या मुलांनी तरी हे करू नये. त्यावर लिनक्स ही फुकट मिळणारी कार्यप्रणाली टाकून प्रोग्रॅमिंग उत्तम होते. ज्याला खरोखर यंत्राचे वेड आहे त्याला ही सुवर्णसंधीच.

काच फुटली तर मात्र हिशेब करावा लागतो. आमच्या बोलीत डिस्प्ले आणि टच मिळून जो भाग येतो तो ‘कॉम्बो’ किंवा ‘फोल्डर’. एमोलेड पॅनेलच्या फोनला ओरिजिनल कॉम्बो महाग पडतो, म्हणून दुकानात इनसेल एलसीडी या स्वस्त प्रकारच्या स्क्रीनची कॉपी सुचवली जाते. ती जाड असते, काळा रंग राखाडी दिसतो, बॅटरी जास्त खाते आणि स्क्रीनखालचा फिंगरप्रिंट त्यावर चालत नाही. स्वस्त हवे म्हणून घेणे चुकीचे नाही, पण काय घेतो आहोत हे माहीत असावे. फक्त वरची काच फुटली असेल, चित्र आणि टच ठीक असेल, तर ओसीए (पारदर्शक गोंदाने काच चिकटवणाऱ्या) मशीनवर नुसती ग्लास बदलता येते. पैसे बरेच वाचतात, मात्र काम करताना पॅनेल जाण्याचा धोका असतो आणि तो कारागिराने आधी सांगायला हवा. फोनची आजची बाजारकिंमत आणि दुरुस्तीचा खर्च समोरासमोर ठेवावा. खर्च निम्म्याच्या वर जात असेल तर आम्हीही बदलायचाच सल्ला देतो.

दुरुस्तीला फोन देताना अंदाज लिहून घ्यावा, जुना पार्ट परत मागावा आणि शक्य असेल तर समोर उघडायला सांगावे. पासवर्ड देण्याऐवजी मेंटेनन्स मोड किंवा रिपेअर मोड चालू करावा. सॅमसंग आणि पिक्सेलच्या नव्या फोनमध्ये ही सोय आहे, फोटो-मेसेज कारागिराला दिसत नाहीत. पोरींचे फोटो दुकानातून फुटण्याची भीती घरोघरी असते आणि ती खोटी नाही. या एका सेटिंगने ती बरीच कमी होईल.

गॅझेटच्या नावाने शिमगाच करायचा असेल तर तो वायरलेस इअरबड्सच्या नावाने करा. बहुतेक बड्समध्ये 40 ते 60 एमएएचचा इवलासा सेल, कवच गोंदाने किंवा वेल्डने कायमचे बंद. दोन-तीन वर्षांत सेल बसतो आणि आमच्यासारख्यालाही तो न तोडता उघडता येत नाही. वस्तू जन्मतःच कचरा. त्यातच कानाचे नुकसान वेगळे. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने मोठ्या माणसाला 80 डेसिबलचा आवाज आठवड्याला 40 तास चालतो. पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मी होते. 89 ला पाच तास, 92 ला जेमतेम अडीच. व्हरायटी चौकातल्या भोंग्यांवर मात करायला आवाज वाढवला की तेवढ्यावर सहज पोहोचतो. वायरचा हेडफोन जास्त टिकतो, पिन किंवा वायर तुटली तर पुन्हा सोल्डर होतो.

व्यसनाचा मुद्दा टाळायचा नाही, पण त्यावर आम्ही डॉक्टर नाही. सेटिंगपुरते सांगतो. फोन हातात घ्यायला लावते ती नोटिफिकेशन आणि खाली ठेवू देत नाही ती आपोआप सुरू होणारी पुढची चित्रफीत. कॉल, मेसेज आणि बँक सोडून सगळ्या ॲपच्या नोटिफिकेशन बंद कराव्यात, ऑटोप्ले बंद करावे, डिजिटल वेलबीइंगमध्ये ॲपनिहाय वेळ बांधावी. रात्री स्क्रीन कृष्णधवल करावी, रंग गेले की रीलची गोडी निम्मी होते. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावने 2022 च्या 15 ऑगस्टपासून संध्याकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास टीव्ही-मोबाईल बंद ठेवायला सुरुवात केली. तिथे नियम आख्ख्या गावाला होता, फक्त पोरांना नव्हता. फरक तिथेच आहे. बाप मालिका बघत मुलाला ‘फोन ठेव’ म्हणतो, तिथे कोणतेही सेटिंग चालत नाही.

हप्त्यांबद्दलही दोन ओळी. ‘नो कॉस्ट ईएमआय’मध्ये व्याज नाहीसे होत नाही. सवलतीच्या रूपात ते वळते केलेले असते आणि त्या व्याजावर 18 टक्के जीएसटी आणि प्रक्रिया शुल्क बहुधा गिऱ्हाइकाकडूनच जाते. शून्य टक्के व्याज अशी गोष्टच नसते, असे रिझर्व्ह बँकेने 2013 मध्येच बँकांना बजावले आहे. रोख किंमत किती हे आधी विचारावे, मग हप्त्यांची बेरीज मांडावी. जुना फोन घेणाऱ्याने *#06# दाबून आलेला 15 आकडी आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक), इंग्रजीत केवायएम (KYM) लिहून पुढे तो क्रमांक, असा संदेश 14422 वर पाठवावा. उत्तरात काळी यादी, डुप्लिकेट किंवा आधीच वापरात असे आले तर फोन सोडून द्यावा, कितीही स्वस्त असो.

फेकलेला फोन जातो कुठे, हा समाजाच्या नुकसानीचा आमच्या दृष्टीने खरा प्रश्न. 2022 मध्ये जगात 6 कोटी 20 लाख टन ई-कचरा झाला आणि त्यातला 22.3 टक्केच रीतसर गोळा होऊन पुनर्वापराला गेला, असे संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांचा अहवाल सांगतो. एका फोनमध्ये सुमारे 0.03 ग्रॅम सोने असते. ते काढायला भंगारवाले बोर्ड आम्लात बुडवतात, तांब्यासाठी वायरी जाळतात. वायरीवरचे पीव्हीसी प्लास्टिक जळाले की डायॉक्सिन हे विष निघते, आणि ते काम करणारी पोरे फोनचे वेड असलेल्या पोरांच्याच वयाची असतात. ई-कचरा व्यवस्थापन नियम 2022 हे 1 एप्रिल 2023 पासून लागू आहेत. उत्पादकांनी किती माल नोंदणीकृत पुनर्वापर केंद्रांतून निकाली काढायचा याचे लक्ष्य 60 टक्क्यांपासून सुरू होऊन 2027-28 पासून 80 टक्क्यांवर जाते. बॅटरीसाठी 2022 चेच वेगळे नियम आहेत, आणि त्यांत ग्राहकानेही बॅटरी इतर कचऱ्यात मिसळू नये असे बंधन आहे. कागद पक्का आहे. पण सामान्य नागपूरकराने फुगलेली बॅटरी कुठे द्यायची, हे त्याला कोणी सांगत नाही. ती शहराच्या कचरा डेपोत, भांडेवाडीला जाते आणि भांडेवाडीला उन्हाळ्यात आगी लागतात.

युरोपात 20 जून 2025 पासून बाजारात येणाऱ्या फोनची बॅटरी 800 सायकलनंतरही 80 टक्के टिकली पाहिजे. विक्री थांबल्यावर सात वर्षे सुटे भाग आणि निदान पाच वर्षे सॉफ्टवेअर अपडेट द्यावे लागतात. आपल्याकडे ‘राइट टू रिपेअर’चे (दुरुस्तीच्या हक्काचे) पोर्टल डिसेंबर 2022 मध्ये सुरू झाले आणि दुरुस्ती-निर्देशांकाची, म्हणजे वस्तू दुरुस्तीला किती सोपी याच्या गुणांकनाची, शिफारस करणारा समितीचा अहवाल मे 2025 मध्ये आला. तो निर्देशांक बंधनकारक व्हावा. काही कंपन्या एका फोनची स्क्रीन त्याच मॉडेलच्या दुसऱ्या फोनला लावली तरी ‘अनोळखी पार्ट’ दाखवून सोयी बंद करतात. त्यालाही आळा हवा. शहरापुरत्या आमच्या मागण्या लहान आहेत. महापालिकेच्या दहाही झोन कार्यालयांत रेती भरलेली बॅटरीपेटी आणि ई-कचऱ्याची वेगळी पेटी असावी. आयटीआयत इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिकचा दोन वर्षांचा ट्रेड आहे, त्यातली मुले आणि रमण विज्ञान केंद्र यांनी मिळून महिन्यातून एक शनिवार शाळकरी मुलांना बंद फोन उघडून दाखवावा. बोलवाल तर साधने घेऊन आम्ही येऊ, मानधन नको.

तोवर जुनी बॅटरी घरात असेल तर कनेक्टरच्या टोकांवर सेलोटेप लावावा. एकेक बॅटरी वेगळ्या प्लास्टिक पिशवीत घालून, उन्हापासून दूर ठेवावी आणि दुरुस्तीच्या दुकानात किंवा कंपनीच्या सर्व्हिस सेंटरवर द्यावी. कचरागाडीत टाकू नये. गाडीतल्या दाबयंत्राखाली ती चिरडली की आख्खी गाडी पेटू शकते.

आपले,
मोबाईल व लॅपटॉप दुरुस्ती करणारे काही कारागीर,
सीताबर्डी, नागपूर